फाटकावरचा नकार

२ सप्टेंबर

प्रिय हिशेब्या,

परवा फोनवर तू मोठ्या आनंदाने म्हणालास, "ताई, तुमच्या वस्तीत पहिलीच्या प्रवेशाची मागणी उतरायला लागलीय. सुटलीस एकदाची!" मी फोन ठेवून दिला. फोनवर भांडलं की तू "हो ताई, बरं ताई" म्हणतोस आणि विसरतोस. कागदावर तुला धरता येतं.

मागणी उतरली? अरे, कुठून उतरली? इथे नवी इमारत उभी राहते आणि तिचा रंग वाळायच्या आत खिडक्यांत दुपटी वाळत पडतात. जुन्या शहरातून घरभाड्याने हाकललेली माणसं, बंद पडलेल्या कारखान्यांमागून आलेली माणसं, सगळी या टोकाला येऊन थडकतात. येताना गाद्या आणतात, भांडी आणतात, पोरं आणतात. शाळा तेवढी पाठीवर बांधून आणता येत नाही.

माझ्या शाळेत दोघांच्या बाकावर तिघं बसतात. मधला लिहायला लागला की कडेचे दोघे हात आवरून वाट बघतात. दुसरीची एक तुकडी जिन्याच्या मधल्या चौकात भरते. वरून कुणी उतरलं की अख्खा वर्ग पाय पोटाशी घेतो. माझी खोली मी पहिलीला देऊन टाकली आणि टेबल व्हरांड्यात मांडलं. आमचे शिपाईमामा म्हणतात, "बाई, आता शाळेत एकच जागा उरलीय, तुमची खुर्ची. उठता का?"

आणि रस्त्याच्या पलीकडे, फाटकातून थेट दिसेल असा, नव्या शाळेसाठी राखलेला भूखंड आहे. कुंपण आहे, पाटी आहे, आत कमरेएवढं गवत आहे. तो भूखंड तुमच्या आराखड्यात आहे आणि तो आराखडा तू करतोस. तेव्हा मागणी कुणाची उतरली ते मला नीट समजावून सांग. मी मुख्याध्यापिका आहे, ढ नाही.

तुझी ताई

११ सप्टेंबर

ताई,

कान धरून घेतला, आता ऐक.

राजधानीत बसून पाच शहरांत कुठे किती शाळा लागतील हे मी काढतो, म्हणजे स्वप्न पडतं म्हणून काढत नाही. जुन्या भागात जन्मनोंदी बघतो. आज जन्मलं ते सहा वर्षांनी पहिलीत, सोपं आहे. तुझ्या वस्तीत त्या नोंदी कामाच्या नाहीत. तिथली पोरं जन्मतात एकीकडे आणि शाळा मागतात दुसरीकडे. म्हणून तिथे आम्ही अर्ज मोजतो. तुझी शाळा भरलेली आहे हे मला दिसतं. नवी शाळा हवी की नको हे ठरतं ते प्रवेश न मिळालेल्या अर्जांवरून.

ते अर्ज तीन वर्षांपूर्वी चारशेच्या वर होते. मग साठ. गेल्या वर्षी अकरा! आता तूच सांग, मी काय म्हणायचं? लोक दुसरीकडे पाठवत असतील, गावी परतत असतील. गर्दी ही डोळ्यांना नेहमी जास्त दिसते, ताई. तू लहानपणी मला चार आंबट बोरं देऊन "ओंजळभर दिली" म्हणायचीस, आठवतं?

पण तू म्हणतेस तर पुन्हा तपासतो. गेल्या वर्षी तू किती जणांना परत पाठवलंस?

तुझा धाकटा

१९ सप्टेंबर

प्रिय हिशेब्या,

किती? मोजायला बसले असते तर त्यांच्याशी बोलले कधी असते? पाचशे असतील, सातशे असतील. पण त्यांतल्या एकालाही मी तुमच्या त्या खिडकीपाशी जाऊ दिलं नाही, हे अभिमानाने सांगते.

खिडकी तुला ठाऊक नसेल, तुम्ही तिच्या आतल्या बाजूला असता. विभाग कार्यालयात अर्ज द्यायचा तर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उभं राहावं लागतं. दोन महिन्यांनी घरी छापील उत्तर येतं, जागा नाही. तीन वर्षांपूर्वी एक लाँड्रीत काम करणारी बाई अशी दिवसभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली तर तिच्या इस्त्रीपाशी दुसरीच बाई. नोकरी गेली, आणि पोरीला जागा मिळाली नाही ती नाहीच. त्या दिवशी मी ठरवलं, ही थट्टा बंद. अर्ज सुरू व्हायच्या आधीच मी सकाळी फाटकात उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर सांगते, "जागा नाही हो, रांगेत दिवस घालवू नका, घरी जा." एका मिनिटात काम. लोक हात जोडतात. ज्या राज्यात नाही म्हणायलासुद्धा माणसाचा दिवस खातात, तिथे निदान नकार तरी फुकट मिळावा!

त्या बाईला नंतर दुसऱ्या लाँड्रीत काम मिळालं. तिची पोर, सगळे तिला चिमणी म्हणतात, तेव्हा नुकती पाच पूर्ण झालेली होती. आता आठची होईल. धाकट्या भावाला कडेवर घेऊन दर वर्षी आईबरोबर येते. गेल्या वेळी मी "जागा नाही" म्हटल्यावर मला म्हणाली, "बाई, तुमच्या शाळेतलं कुणी मरत नाही का?" आईने फटका दिला. मी हसले. मग व्हरांड्यात येऊन बसले आणि मला हसता येईना.

ताई

१२ ऑक्टोबर

ताई,

उत्तराला उशीर झाला. गुडघा पुन्हा धरलाय. कार्यालयाची लिफ्ट बंद आहे आणि साहेबांना रोज चौथ्या मजल्यावर नवीन काहीतरी आठवतं. तुझी वहिनी म्हणते, गुडघा नाही, वय धरलंय.

एक सहज विचारायचं होतं. हे फाटकावर सांगणं तू गेली दोनच वर्षं करतेस ना? आणि जवळपासच्या शाळांतही तसंच करतात का?

आणि यंदा नोव्हेंबरमध्ये खिडकी उघडली की सगळ्यांना अर्ज करू दे. थांबवू नकोस. माझ्यासाठी म्हणून कर. फाटकाबद्दल मात्र कुणाला लिहू नकोस, विशेषतः आमच्या कार्यालयाला.

तुझा धाकटा

१६ ऑक्टोबर

अहो साहेब,

सहज विचारणारा माणूस तीन आठवडे गुडघा चोळत बसत नाही. तुझ्या पत्रात एक वाक्य सरळ नाही. काय झालंय तुला? बढती जवळ आली का?

सगळ्यांना अर्ज करू दे म्हणे. कशाला? जागा नाहीत हे तुला माहीत, मला माहीत, त्या खिडकीतल्या कारकुनाला माहीत. तरी त्या माणसांनी रोजगार बुडवून तुमच्या दारात रांग लावायची, म्हणजे तुम्हाला वाटणार राज्य चाललंय! गरिबाच्या पायांची किंमत चौथ्या मजल्यावरून दिसत नाही. शेजारच्या दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी माझं बघूनच हे सुरू केलं, आणि त्यांनाही लोक दुवा देतात.

मी थांबवणार. फाटक माझं आहे. तुला हवं तर मला नोटीस पाठव.

ताई

२३ ऑक्टोबर

ताई,

खाली बस आणि मग वाच.

आमच्याकडे मागणी म्हणजे अर्ज. दुसरी कुठलीही मागणी आमच्या कागदावर नसते. तू फाटकावरून ज्यांना परत पाठवलंस त्यांना आमच्या लेखी कुणी नाही म्हटलेलंच नाही, कारण त्यांनी मागितलंच नाही. ते साठ, ते अकरा, ही वस्ती ओसरल्याची खूण नव्हती. ती तू होतीस. तू आणि तुझं बघून ते दोघे.

नियम असा आहे की शाळा भरलेली असली तरी प्रत्येकाला अर्ज करू द्यायचा आणि नकार लेखी द्यायचा. नियम करणारा दुष्ट असेल, पण त्या रांगेतूनच आम्हाला माणूस दिसतो.

आता दुसरं. तुझ्या समोरच्या भूखंडाची मुदत जानेवारीत संपते. तेव्हा सुनावणी आहे. नाकारलेले अर्ज तीनशेच्या वर असतील तर शाळा, नाहीतर वाहनतळ. वाहनतळाची शिफारस ऑगस्टमध्ये गेली. खाली सही माझी आहे. मी तुला "सुटलीस" म्हणून फोन केला तो सही करून खाली आल्यावर.

तुझं एकोणीस सप्टेंबरचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं. सांगायचं कसं, यात तीन आठवडे गेले. गुडघा बरा आहे.

धाकटा

५ डिसेंबर

प्रिय हिशेब्या,

तुझं पत्र मी व्हरांड्यात वाचलं. समोर ते गवत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. शेकडो पोरांना मी माझ्या तोंडाने पुसून टाकलं, आणि वर त्यांच्या आयांचे नमस्कार घेतले. यावर रडायचं की काय करायचं ते मी म्हातारपणी ठरवीन. आधी जे केलं ते सांगते.

संध्याकाळी शाळा सुटली की मी इमारतींतून फिरले. जिन्यांत उभी राहून बोलले. तुला माहीत आहे, मला पाच माणसं मिळाली तरी सभा वाटते. म्हटलं, "आजवर मी तुम्हाला घरी जा म्हणाले, ते चुकले. आता रांगेत या. जागा मिळणार नाही. तरी या. तुमचं मूल आहे, एवढं त्या खिडकीला कळू द्या. जो मागत नाही तो या राज्यात जन्मलेलाच नसतो!" एक गवंडी म्हणाला, "बाई, काल म्हणालात घरी जा, आज म्हणता रांगेत या. उद्या डोक्यावर उभं राहा म्हणाल." मी म्हटलं, "म्हणाले तर राहा." त्याची बायको मागून म्हणाली, "राहतील हो, नाहीतरी डोक्याचा दुसरा उपयोग नाही." जिना हसला. आणि सगळे आले, हिशेब्या! कोपऱ्यावरून रांग वळली. बाया डबे घेऊन आल्या, पोरं भिंतीला टेकून झोपली. शिपाईमामा पाणी घेऊन फिरत होते.

खिडकीतला कारकून घामाघूम. "मोठ्या बाई, एक जागा नाही तर एवढे अर्ज घेऊन करू काय?"

मी म्हटलं, "नाही म्हण. पण लिहून म्हण."

सातशे नव्वद अर्ज नाकारले गेले. जन्मात कधी नकारांनी एवढी खूश झाले नव्हते. फक्त चिमणीच्या आईला मी आणलं नाही. ती म्हणाली, "बाई, सांगत असाल तर येते." तिची नोकरी एकदा गेलीय. मी म्हटलं, "तू राहू दे, तुझ्या एकीने काय अडतंय?"

आता पुढचं तुझ्याकडे.

ताई

१९ डिसेंबर

ताई,

आकडा आला तेव्हा मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या बाईंचा चहा सांडला.

पण आमच्याकडे एक वर्ष धरत नाहीत. तीन वर्षांची सरासरी धरतात. साठ, अकरा आणि सातशे नव्वद. सरासरी होते दोनशे सत्त्याऐंशी. लागतात तीनशे. साहेबांनी कागद बघून चष्मा पुसला आणि म्हणाले, "कुणीतरी माणसं गोळा करून आणलेली दिसतात. असा उसळलेला आकडा धरायचा नसतो, म्हणून तर सरासरी असते." आणखी चाळीस जण रांगेत असते तर सरासरी तीनशेवर गेली असती.

एक वाट उरते. सुनावणीत मी उभा राहून सांगतो की आधीची दोन वर्षं खोटी होती, माझी शिफारस चुकली, भूखंड राखून ठेवा. शिफारस करणाराच चूक म्हणाला तर ते ऐकतील. ऐकावंच लागेल.

सतरा जानेवारीला. मी बोलेन.

धाकटा

२१ जानेवारी

ताई,

बोललो नाही.

उभा राहिलो होतो. म्हणालो, "आधीचे आकडे विश्वासार्ह नाहीत." अध्यक्ष भले गृहस्थ आहेत, त्यांनी साधा प्रश्न विचारला, "का नाहीत? अर्ज कुणी अडवले?" मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "नाव सांगाल ना, तेही लिहून घेऊ. अर्ज करू न देणं म्हणजे बडतर्फी."

तुला निवृत्तीला दोन वर्षं आहेत. तू मला कडेवर घेऊन शाळेत सोडलंस, आई गेल्यावर माझ्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडलंस आणि मग रडतखडत पुरं केलंस. मला ते सगळं एकदम आठवलं. मी म्हणालो, "निश्चित सांगता येत नाही." आणि बसलो.

वाहनतळ मंजूर झाला.

मला तुला वाचवायचं होतं. वाचलीस.

धाकटा

२६ जानेवारी

हिशेब्या,

कुणी सांगितलं होतं वाचवायला?

माझ्या दोन वर्षांच्या नोकरीवरून तू पिढ्यान्‌पिढ्यांची शाळा ओवाळून टाकलीस! मी फाटकावर दया केली आणि तू सुनावणीत दया केलीस. आपलं घराणंच दयाळू. या दयेने किती पोरं गाडली ते मोज आता, मोजणं तुझं काम आहे ना? दुष्ट माणसाशी लढता येतं. त्याच्या तोंडावर थुंकता येतं. आपल्यासारख्यांचं काय करायचं? आपण ज्याचा गळा दाबतो तोच आपले पाय धरतो.

तू मला कर्ज समजलास. मी बहीण होते.

मी आजच अध्यक्षांना लिहिलंय. फाटक कुणाचं, नकार कुणाचा, किती वर्षं, सगळं. ते दोघे मुख्याध्यापक माझं बघून वागले हेही लिहिलंय, त्यांच्यावर येऊ नये म्हणून. उशीर झाला हे मला कळतं. बैल गेला आणि झोपा केला. पण गोठा उघडा होता हे तरी लोकांना कळू दे.

ताई

३० मे

ताई,

तू चार महिने लिहिलं नाहीस, म्हणून मीच लिहितो.

तुझं पत्र अध्यक्षांनी वाचलं. फाइलला जोडलं. निकाल बदलला नाही, कारण निकाल झाल्यावर आलेलं पत्र फक्त जोडता येतं. त्यानंतर मीही लिहून दिलं की मला सुनावणीच्या दिवशी सगळं माहीत होतं. साहेब म्हणाले, "दोघा भावंडांना एकच रोग." आता मी पाठ्यपुस्तकांच्या गोदामात आहे. पुस्तकांचे गठ्ठे येतात, गठ्ठे जातात. इथे सरासरी काढत नाहीत.

तुला कामावरून काढल्याचं वहिनीला वर्तमानपत्रात दिसलं. मला तू कळवलं नाहीस. बरोबर आहे.

एक शब्द लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

धाकटा

१४ नोव्हेंबर

प्रिय हिशेब्या,

शिव्या संपल्या. म्हणून आता लिहिते.

समोर गवत गेलं, काँक्रीट आलं. संध्याकाळी गाड्या आत शिरतात, एकमेकींना धक्का न लावता नीट उभ्या राहतात. प्रत्येक गाडीला आखलेली जागा आहे. बाकावर तिघं बसणारी माझी पोरं सुटल्यावर कुंपणाला नाक लावून ते बघतात.

माझ्या जागी नवा मुख्याध्यापक आलाय. तरुण आहे, कोरडा आहे, कुणाशी चकार शब्द बोलत नाही. फाटकावर त्याने पाटी लावली, "प्रवेशाची चौकशी येथे करू नये. अर्ज विभाग कार्यालयात." लोक त्याला शिव्या घालतात आणि मुकाट्याने रांगेत जातात. सगळेच्या सगळे. माझ्या सगळ्या मायेने जे जमलं नाही ते त्याने एका पाटीने केलं. यंदाच्या अर्जांनी तुमच्या सरासरीला इथली मुलं दिसतील. भूखंड मात्र आता उरलेला नाही. शाळा म्हणे नदीपलीकडे देतील.

मी रोज सकाळी त्या रांगेत असते. नोकरी नाही, पाय शाबूत आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज भरते, ज्यांना कामावर जायचंय त्यांची जागा धरते. कारकून आता मला बघून कपाळावर हात मारत नाही, नुसता शाई पुढे सरकवतो. मी लोकांना काही सांगत नाही. जागा आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही. भाषणं बंद आहेत. तुला खोटं वाटेल.

काल चिमणी आणि तिची आई आल्या. या वेळी मी त्यांना बोलावलं होतं. आईने पगारी रजा नाही म्हणून मालकाशी भांडून अर्धा दिवस सोडवला होता. धाकटा आता चालतो, त्याचा हात चिमणीच्या हातात. दुपार टळल्यावर खिडकी आली. मीच अर्ज भरला होता. कारकुनाने जन्मतारीख बघितली आणि कागद तसाच परत सरकवला.

"नऊ पूर्ण झाली हिला. पहिलीचा अर्ज घेता येत नाही."

मी म्हटलं, "मग नकार लिहून दे."

"नकार अर्जाला देतात, बाई. हा अर्जच होत नाही."

"मग हिला कुठे लिहिशील?"

त्याने खरंच शोधलं. वाईट माणूस नाही तो. समोरचा मोठा कागद वरपासून खालपर्यंत बघितला, मग मान हलवली. मागचे लोक म्हणायला लागले, चला, पुढे चला.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. आईला लाँड्रीत परत जायचं होतं. मी परत आलेला अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. चिमणी आईला म्हणाली, "म्हणजे मी मोठी झाले ना गं आता?"

आई म्हणाली, "हो. उद्यापासून चल माझ्याबरोबर."

ताई